मार्क कमी, तब्येत उत्तम

आमच्या घरात नापास झालं की शिरा मिळायचा. साजूक तुपातला, वर बेदाणे घातलेला. आणि पैकीच्या पैकी मिळाले की एरंडेल. शाळेत मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या म्हणायच्या, "चल गं, काहीतरीच तुझं!" म्हणून मी सांगणंच सोडून दिलं. आता ऐंशी उलटली, आता कुणाची भीडभाड? सांगतेच.

मुलुंडला आमच्या दोन खोल्या होत्या, एक मोरी आणि मागच्या दाराला दगडी पायरी. मुलुंड तेव्हा सरळ आखलेल्या रस्त्यांचं शांत गाव होतं. कारखान्याचा भोंगा झाला की तेवढाच काय तो आवाज. त्याच्या पुढचं गाव ठाणं. आणि ठाण्याला कसलं इस्पितळ आहे हे मुंबईत शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणी जरा वेडंवाकडं बोललं की "ह्याला ठाण्याला पाठवा रे!" आम्हा मुलुंडकरांना तर पाहुणे म्हणायचे, "तुम्हाला काय, चालतसुद्धा जाता येईल." बाकीच्या घरांत यावर हसायचे. आमच्या घरी कुणी हसत नसे, कारण आमच्या घरी काका होता.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. मॅट्रिकला शाळेत पहिला. मग शॉर्टहँड शिकला आणि फोर्टातल्या एका गोऱ्या साहेबाच्या कंपनीत स्टेनो म्हणून लागला. दोन वर्षं झकास गेली. मग साहेब विलायतेला परत गेला, म्हणजे बाकीच्या जगापुरता गेला. काकापुरता तो आमच्या मोरीच्या भिंतीत राहायला आला. तिथून तो दिवसभर पत्रं सांगायचा आणि काका मांडीवर वही घेऊन ती उतरवून घ्यायचा. मधूनमधून कपाळाला हात लावायचा. "काय हे इंग्रजी!" म्हणायचा. "एक वाक्य धड सांगत नाही हा माणूस."

आईची खरी पंचाईत. आंघोळीला जायच्या आधी ती मोरीच्या दाराशी उभी राहून विचारायची, "भावोजी, साहेब बाहेर गेलेत का हो?" काका मनगटाकडे बघायचा. घड्याळ नव्हतंच. "टिफिनला गेलेत, वहिनी. वीस मिनिटं आहेत," तो म्हणायचा, आणि आई घाईघाईने आंघोळ उरकून यायची. लग्न होऊन आलेल्या बाईने एवढं सगळं निमूटपणे सांभाळलं, पण तिचं कौतुक कधी कुणी केलं नाही. मीही नाही.

मी अकरा वर्षांची असताना बाबा काकाला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर एवढंच म्हणाले, की असले आजार कधीकधी घराण्यातून येतात, मुलीकडे जरा लक्ष असू द्या. दुसरा बाप असता तर काळजी करत बसला असता. आमचे बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी घरी येऊन एक वही आखली.

त्यांनी हिशेब असा लावला होता. आमच्या घराण्यात आजवर दोघांची डोकी फिरली. एक बाबांचे चुलते, त्यांना अख्खं पंचांग तोंडपाठ होतं, आणि एक दिवस ते धोतर खांद्यावर टाकून जे निघाले ते परत आलेच नाहीत. दुसरा काका. दोघेही भयंकर हुशार. उलट बाबा स्वतः मॅट्रिकला तिसऱ्या खेपेला पास झालेले, आणि त्यांना साधी सर्दीसुद्धा होत नसे. आई चौथीपर्यंत शिकलेली, ती बाबांहून ठणठणीत. म्हणजे रोग कुठे आहे? हुशारीत! हुशारी वेळीच पकडली की पुढचं टळेल.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहा वाजता घरातल्या सगळ्यांची परीक्षा. दहा गणितं, प्रत्येकी दहा मार्क. बाबा गणित वाचून दाखवणार, आम्ही कागदावर नुसता उत्तराचा आकडा लिहायचा. नाव शेवटी, कागद देताना. मग बाबा लाल पेन्सिलीने तपासणार आणि वहीत मांडणार: नाव, मार्क, प्रकृती. तीसच्या आत असले तर 'उत्तम'. साठच्या आत 'बरी'. ऐंशीपर्यंत 'लक्ष ठेवावे'. त्याच्या वर एरंडेल.

आई कायम उत्तम. हौदाला दोन नळ पाणी भरतात आणि खालचा एक नळ पाणी बाहेर सोडतो, तर हौद किती वेळात भरेल, असं बाबांनी विचारलं की ती चिडायची. "खालचा नळ उघडा ठेवला कुणी? आधी तो बंद करा! इथे पाण्याची मारामार आणि तुम्ही गणितं कसली घालता?" शून्य. बाबा समाधानाने मान डोलवायचे आणि वहीत लिहायचे.

पहिल्या रविवारी मला नव्वद पडले. मला काय ठाऊक! मी आपली आनंदाने टाळ्या वाजवल्या. आईने डोळ्याला पदर लावला आणि मीठमोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली. बाबांनी एरंडेल पाजलं आणि माझं अंकगणिताचं पुस्तक महिनाभर कपाटाच्या वर ठेवलं. मला इतका राग आला होता की मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

बोलले ती काकाशी. मागच्या पायरीवर तो वही घेऊन बसला होता. म्हणाला, "चूक तुझीच. सगळीच बरोबर कशाला लिहायची?"

"मग काय लिहू? मला येतात."

"हातचा विसर," काका म्हणाला. "हातचा विसरणारी माणसं कधी वेडी होत नाहीत. दादाकडे बघ."

तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. चुकणं सोपं असतं असं तुम्हाला वाटत असेल, तर एकदा मुद्दाम चुकून बघा. आधी गणित सोडवायचं, मग जरा बऱ्या डोक्याची मुलगी यात कुठे धडपडेल ते शोधायचं, आणि बरोबर तिथेच धडपडायचं. काका मला आधी गणित शिकवायचा आणि मग त्यातली चूक शिकवायचा. पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यानेच पाठ करून घेतले. आठवीत त्याने मला बीजगणित शिकवलं, शून्याच्या खालचे आकडे कसे मोजायचे ते पाटीवर रेघ मारून दाखवलं. आकडे काढायलाही त्याच्याकडूनच शिकले. त्याच्या पाचाला खाली एक लांब शेपूट असायचं, तसंच माझ्याही पाचाला आलं. बाबा ते बघून घाबरले. "वळणसुद्धा त्याचंच घेतलंय हिने," ते आईला म्हणाले.

मग त्यांनी नियम केला. काका हा घराचा वरचा आकडा. "काकाच्या खाली राहिलीस तर तुझं शिक्षण चालू. ज्या रविवारी त्याच्या बरोबरीला आलीस किंवा वर गेलीस, त्या दिवशी शाळा बंद. समजलं?"

समजलं. आणि तेव्हा त्यात काही अडचण नव्हती. काकाला नव्वद, शंभर असेच पडायचे. साहेबाचं पत्र एका कानाने ऐकत तो दुसऱ्या कानाने गणित सोडवायचा. त्याच्याखाली माझ्यासाठी भरपूर जागा होती. मी आपली पंचेचाळीस, पन्नास अशी आरामात राहायचे. शाळेत मात्र वर्गात पहिली यायचे. प्रगतिपुस्तक बघून बाबा शांतपणे म्हणायचे, "कॉपी केली असेल." सही करून द्यायचे. माझ्या बापाने माझ्यावर एवढा विश्वास ठेवला म्हणून मी शिकले, नाहीतर वाट लागली होती.

मी नववीत गेले आणि काकाचे मार्क उतरायला लागले. ऐंशी. पासष्ट. पन्नास. बाबा हरखून गेले. "सुधारतोय!" म्हणाले. पेढे आणले, गावाला दुसऱ्या चुलत्यांना पत्र टाकलं की दुखण्याला उतार पडतो आहे. खाडीकडची कोळीण मासळी घेऊन यायची, तिलाही पेढा दिला. ती कशासाठी म्हणाली तर बाबांनी सांगितलं, भावाला गणितं येईनाशी झाली. कोळणीने पेढा तोंडात टाकला, बाबांकडे नीट बघितलं आणि आईला म्हणाली, "बाय, यांचा डोका पन दाखव कोनाला तरी."

मी काकाच्या शेजारी बसायचे, मला दिसत होतं. तो गणित सुरू करायचा, युक्ती त्याला लगेच सापडायची, आणि मग साहेब बोलायला लागायचा. पत्र संपवून काका परत येईपर्यंत काय विचारलं होतं तेच हरवलेलं असायचं. एकदा आईने त्याला चहा टाकायला सांगितला. त्याने स्टो पेटवला, आधण ठेवलं, आणि साखरेचा चमचा हातात धरून उभा राहिला. पाणी आटलं, भांडं करपलं. "मी इथे कशाला आलो होतो गं?" त्याने मला विचारलं. मला रडू आलं. ज्याने मला शून्याच्या खालचे आकडे शिकवले तो माणूस चहात साखर घालायची ते विसरला होता.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ, आपल्यासारखाच विसरायला लागलाय!"

पुष्कळ वर्षांनी एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं, की घराण्यातून डोकंही येतं आणि हे दुखणंही येऊ शकतं, पण एक आलं म्हणजे दुसरं आलंच असं नाही. दुखणं हुशारीतून होत नाही. उलट तेच असलेली हुशारी कुरतडतं. म्हणजे बाबांनी आखलेली वही पहिल्या पानापासून उलटी होती. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? मला एवढंच कळत होतं, की काका खाली येतोय आणि त्याच्याखाली राहायचं म्हणून मलाही खाली जावं लागतंय. अकरावीत तो तीसवर आला, मी वीसवर. तो वीसवर, मी दहावर. दर रविवारी शिरा खाऊन मी चांगली गुबगुबीत झाले होते.

आणि नेमका त्याच वेळी एसेस्सीचा फॉर्म आला. त्यावर वडलांची सही पाहिजे. आमच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गणित घे, कॉलेजला जा, तू शिक्षिका होशील." मला दुसरं काहीच नको होतं. जेवणही नको, शिरा तर नकोच नको. बाबांसमोर फॉर्म ठेवला तर ते म्हणाले, "हा रविवार होऊ दे. नियमात बसलीस तर सही."

त्या रविवारी काका सकाळपासून आपल्यातच हरवलेला होता. साहेबाला त्या दिवशी सुट्टी नव्हती बहुतेक. काकाने सदऱ्याची बटणं खालीवर लावली होती. आई म्हणाली, "अहो, आज राहू द्या ना." बाबांनी ऐकलं नाही. दहा वाजले, दहा गणितं वाचून झाली. मी काकाच्या कागदाकडे बघितलं. एकही आकडा नव्हता. पहिल्या ओळीवर शॉर्टहँडच्या दोन रेघा आणि शाईचा डाग. त्याला शून्य पडणार होतं. आणि मला त्याच्या खाली राहायचं होतं. शून्याच्या खाली कसं जायचं ते काकाने मला शिकवलं होतं, पण ते बीजगणितात.

तेवढ्यात कोळीण आली. पापलेट ताजं आहे की नाही यावरून आई दारात तिच्याशी हुज्जत घालायला लागली आणि निवाडा करायला बाबांना बोलावलं. खोलीत मी आणि काका. मी कागद पुढे ओढला आणि लिहीत सुटले. सहा वर्षांत पहिल्यांदाच सगळी उत्तरं, बरोबर, जशी येत होती तशी! काय सांगू, अंगावर काटा आला होता आनंदाने. मग मी तो कागद काकाच्या पुढ्यात सरकवला आणि त्याचा माझ्याकडे घेतला.

काकाने खाली बघितलं. "हा माझा?"

"हो काका. नाव घाल खाली."

त्याने नाव घातलं नाही. तो एकेका उत्तरावर बोट ठेवत खाली येऊ लागला. पहिलं, दुसरं, तिसरं. मी दाराकडे बघत होते. सहाव्यावर त्याचं बोट थांबलं. त्याने टाक उचलला, माझा चार खोडला आणि शेजारी लांब शेपटाचा पाच काढला.

"हातचा विसरलीस," तो म्हणाला, आणि खाली नाव घातलं.

बाबा पापलेट आत देऊन आले, लाल पेन्सिल घेऊन बसले. आधी माझा कागद. एक आकडा नाही! शून्य! "मुलगी ठणठणीत आहे!" ते ओरडले, आणि त्याच भरात त्यांनी फॉर्मवर सही केली, खाली रेघसुद्धा मारली. आई रवा भाजायला गेली. मग त्यांनी काकाचा कागद घेतला. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. पाचव्यापर्यंत त्यांचं हसू गेलं. दहाव्यानंतर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. शंभर. दोन वर्षांनी परत शंभर.

"हे तू लिहिलंस?" त्यांनी काकाला विचारलं.

मी बोलायला हवं होतं. फॉर्म माझ्यासमोर होता, सहीची शाई अजून ओली होती. मी फॉर्मकडे बघत राहिले.

"साहेबांनी सांगितलं," काका म्हणाला, "मी उतरून घेतलं."

"दुखणं उलटलं, आता ठाण्याशिवाय गत्यंतर नाही," म्हणून मंगळवारी बाबा त्याला ठाण्याला घेऊन गेले. इस्त्रीचा सदरा, वही, दोन पेन्सिली. जाताना काका आईला म्हणाला, "वहिनी, साहेब माझ्याबरोबर येतायत, मोरी आता तुमची." आई दाराला धरून रडली. त्या रविवारचा शिरा मी खाल्ला होता. सगळा खाल्ला होता, वाटी पुसून. ते आठवलं की आजही माझी मला शरम वाटते.

मार्चमध्ये मी परीक्षा दिली. बाबा दर महिन्याला ठाण्याला जायचे आणि जाताना दहा गणितं घेऊन जायचे. काकाला शून्य पडायचं. बाबा वहीत लिहायचे, 'उत्तम'. पण मागल्या वेळी फसगत झाली होती, म्हणून त्याला घरी आणायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. गणितात दीडशेपैकी एकशेसत्तेचाळीस. आता कॉपी म्हणायचीही सोय नव्हती. बाबा पाटावर बसले ते बसलेच. आईने मीठमोहऱ्या काढल्या. मी मार्कांचा कागद घेतला आणि बाबांना म्हटलं, "मला काकाला भेटायचंय."

काका बागेतल्या बाकावर बसला होता. वाळला होता. मला वाटलं ओळखणार नाही. त्याने मार्कांचा कागद मांडीवर घेतला आणि वरपासून बोट फिरवलं. गणितावर थांबला. "तीन कुठे गेले?"

"हातचा," मी म्हटलं. तो हसला. मग मला राहवलं नाही. बाबा शेजारीच उभे होते, तरी मी बोलले. "काका, त्या रविवारचा शंभरचा कागद माझा होता रे. मी अदलाबदल केली."

"माहीत आहे," काका म्हणाला. "पण शंभर नाही. सहावं मी केलं होतं. तुझे नव्वद. माझे दहा." त्याची बोटं कागदावर हलत होती. मोजत असावा, किंवा साहेबाचं ऐकत असावा. मग त्याने बाबांकडे बघितलं. "दहा म्हणजे तुझ्या वहीत 'उत्तम' ना रे दादा? मग मी घरी कधी यायचं?"

 घरी आल्यावर बाबांनी वही काढली, त्या रविवारचं पान शोधलं, माझं शून्य खोडून नव्वद केलं आणि काकाचे शंभर खोडून दहा. 

"तू काकाच्या वर गेलीस," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे शाळा बंद."

"शाळा संपलीच आहे, बाबा."

"हं." हेडक्लार्कने नियम पुन्हा एकदा वाचला. "कॉलेजबद्दल यात काही लिहिलेलं नाही." मग उठले, कपाटातून बाटली काढली आणि नव्वदचं एरंडेल माझ्यासमोर धरलं. मी एका घोटात प्यायले. इतक्या खुशीने एरंडेल कुणी प्यायलं नसेल.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बाबा ठाण्याला गेले, आणि संध्याकाळी काका मागच्या पायरीवर बसलेला होता. गणितं त्याला परत कधीच आली नाहीत. रविवारची परीक्षाही परत झाली नाही. आई टॉवेल घेऊन मोरीच्या दाराशी थांबली. सात महिने तिथे साहेब नव्हता, तरी ती रोज थांबायची, सवयच होती.

"भावोजी," तिने विचारलं, "आलेत का हो ते तुमच्याबरोबर?"